एकशे सतरा नंबरचं रक्त

मृत्युपत्र लिहून ठेवणार: अश्वजित डोमाजी नगराळे, वय ५२ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा आरोग्य केंद्रात फिरता कार्यकर्ता (सध्या आजारी रजेवर), राहणार राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ.

"हा माणूस शुद्धीवर आहे का?" हा प्रश्न माझ्याबद्दल गेली तीस वर्षं विचारला गेला आहे. एसटीत, लग्नात, पोलीस चौकीत आणि एकदा माझ्या आईच्या मयतीतसुद्धा. आज त्याचं उत्तर डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी देतो: आहे. दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. रोज सकाळी जिभेखाली ठेवायची एक गोळी मी सोळा वर्षांपासून घेतो, आजही घेतली. ती नशा सुटावी म्हणून दिलेली असते. ज्याला हा फरक कळत नसेल त्याने पुढचं वाचण्याआधी एखाद्या नर्सला विचारून यावं.

माझी मालमत्ता थोडी आहे. दोन खोल्या, एक सायकल आणि काही किरकोळ सामान. त्यासाठी एवढे कागद काळे करायची गरज नव्हती. एका बाईवर चौदा वर्षांपासून एक खोटा आळ आहे, तो माझ्यामुळे लागला आहे, आणि तो पुसल्याशिवाय मी मरणार नाही, म्हणून हे लिहीत आहे. त्या बाईचं नाव हंसाबाई रामलाल राठोड, मुक्काम दिग्रस.

माझ्या पश्चात या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था माझी भाची मैत्रेयी हिने पाहावी. ती नर्स आहे, रक्ताला भीत नाही आणि तिच्या भारतमामालाही भीत नाही.

कलम १. मी कशाने मरत आहे त्याबद्दल.

माझ्या लिव्हरमध्ये गाठ आहे. त्याआधी लिव्हर कडक झालं होतं, त्याआधी कावीळ-सी, म्हणजे हेपटायटिस-सी, होती, आणि त्याच्याही आधी सुई होती. कावीळ-सी सहा वर्षांपूर्वी सरकारी गोळ्यांनी तीन महिन्यांत पूर्ण गेली, पण पाहुणा गेला तरी तो घर पोखरून गेला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये सांगितलं की आता महिने मोजा. मी मोजत नाही. मला कामं आहेत.

पेपरात माझी बातमी द्यायची झाल्यास "अल्पशा आजाराने" असं छापू नये. एकोणतीस वर्षांचा आजार आहे, अल्पसा कसला? "हृदयविकाराने" असंही छापू नये. माझं हृदय ठणठणीत आहे, डॉक्टरांनी तपासलं आहे.

मला एचआयव्ही नाही. अर्ध्या राजूरला वाटतं की आहे. न्हाव्याला वाटतं, किराणावाल्याला वाटतं, सख्ख्या भावाला वाटतं. माझ्या कार्डावर चव्वेचाळीस तपासण्या आहेत आणि चव्वेचाळीस वेळा निगेटिव्ह आहे. असता तरी मी लाजलो नसतो. रोजची गोळी घेऊन जगलो असतो, जशी माझ्या ओळखीची कितीतरी माणसं जगत आहेत. नाही म्हणून मी छातीही फुगवत नाही. पूर्वी फुगवायचो, आणि तिथेच सगळं बिघडलं. ते कलम ४ मध्ये येईल.

मयतीला त्रिशरण-पंचशील म्हणावं. जे मला जिवंतपणी शिवले नाहीत त्यांनी खांदा द्यायला येऊ नये, केंद्रातली पोरं पुरेशी आहेत.

कलम २. माझी फाइल.

१९९६ साली मी कोळशाच्या सायडिंगवर ट्रक भरायला होतो. फावडं मारून कंबर धरली की जवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर एक इंजेक्शन द्यायचा. दुखणं जायचं, आणि त्याच्यासोबत थकवा, भूक आणि बापाचा आवाज हेही जायचं. चार महिन्यांत कंबर बरी झाली आणि इंजेक्शन राहिलं. तो कंपाउंडर मेला. त्याच्यासाठी या कागदात मी शिवीसुद्धा ठेवलेली नाही.

सायडिंगवरच्या ट्रकांच्या वजनकाट्याच्या मागे आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. त्या टोळीत एक रीत होती. नवी सुई एकच असायची, आणि ज्याला शीर सापडते तो पहिला. मला शीर पटकन सापडायची, माझी आणि दुसऱ्याचीही. म्हणून सगळे मला "डॉक्टर" म्हणायचे आणि पहिला मान माझा. मग वयाप्रमाणे बाकीचे. सगळ्यात धाकटा सगळ्यात शेवटी. तो धाकटा म्हणजे रामलाल किसनसिंग राठोड, दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यावरून कोळशाच्या कामाला आलेला, दिसायला देखणा आणि बोलायला गोड. मी एचआयव्हीतून वाचलो तो रांगेत पुढे होतो म्हणून, त्यात माझी कसलीही हुशारी नाही. कापूस आणि पाणी मात्र सगळ्यांचं एकच असायचं, त्यातून कावीळ-सी माझ्यापर्यंत आली.

२००३ साली एका संस्थेने वणीला केंद्र उघडलं. सुई घेणाऱ्या माणसांचं पुढे वर्षानुवर्षं काय होतं, कोण कशाने आजारी पडतो, कोण जगतो, हे त्यांना पाहायचं होतं. दर सहा महिन्यांनी रक्त, वजन, हातापायांच्या शिरा आणि ढीगभर प्रश्न. रजिस्टरमध्ये नाव नाही, कार्डावर फोटो नाही, फक्त नंबर. नाव लिहिलं असतं तर आमच्यातला एकही तिकडे फिरकला नसता. माझा नंबर ३९. रामलालचा ११७.

पहिल्या वर्षी आम्ही एकशे चाळीस होतो, आज बावन्न येतात. २००९ पासून मी त्याच केंद्रात कामाला लागलो. जे यायचे बंद झाले त्यांना शोधणं हे माझं काम. न सापडणाऱ्याच्या नंबरापुढे "संपर्क तुटला" असं लिहितात. मला त्या दोन शब्दांची चीड आहे. मी मारेगाव, झरी, पांढरकवडा पालथं घातलं, दारोदार विचारलं. घरचे एकच सांगायचे, हार्ट अटॅक. खरं काढलं तेव्हा कळलं की कोणी लिव्हरने गेला, कोणी टीबीने, कोणी जास्तीच्या डोसने. दोघं ट्रकखाली गेले. एकाने विहीर जवळ केली. एचआयव्हीने गेले तेही होते, पण ज्यांनी गोळ्या वेळेवर चालू केल्या आणि सोडल्या नाहीत, ते आज नातवंडं खेळवत आहेत. लोकांना वाटतं सुईवाले सगळे एकाच रोगाने आणि लवकर मरतात. लोकांना काय, काहीही वाटतं.

मी मेल्यावर आठ दिवसांच्या आत मैत्रेयीने केंद्रात जावं आणि नंबर ३९ पुढे तारीख आणि खरं कारण लिहून घ्यावं. माझा संपर्क तुटलेला नसेल. मी मेलेला असेन, आणि तसं लिहिण्यात कोणाचं काही जात नाही.

कलम ३. किरकोळ सामान.

सायकल, लांब चिमटा आणि वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा केंद्रातल्या अपेक्षाला द्यावा. पडलेल्या सुया वेचायच्या त्या चिमट्यानेच, हाताने नाही, घाई असली तरी नाही. वजनकाट्यामागच्या कडुनिंबाच्या बुडाशी अजूनही सापडतात.

आईचं पितळी घमेलं आणि बँकेत जे काही असेल ते मैत्रेयीला. माझी पूर्वीची पत्नी रुखमाबाई हिच्याशी १९९९ साली लग्न झालं, दोन वर्षांत ती माहेरी गेली आणि रीतसर फारकत झाली. शहाणी बाई. माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही आणि तिची माझ्याविरुद्ध जी असेल ती सगळी मान्य आहे.

माझा थोरला भाऊ भारत डोमाजी नगराळे याला काहीही नाही. बापाचं घर, बापाची जागा त्याने आधीच घेतली. मी सुई सोडून केंद्रात लागलो तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "करून करून भागला अन् देवपूजेले लागला." तेही चाललं असतं. पण त्याच्या पोरीच्या बारशाला त्याने मला एक स्टीलचा गिलास दिला, बुडाशी लाल नेलपॉलिशची खूण केलेला.

"हा गिलास तुया. बाकीच्याईले लावू नको."

"गिलासातून काही लागत नसते, भाऊ. ना कावीळ-सी, ना एचआयव्ही," मी म्हणालो.

"तू मोठा डॉक्टर झाला का बे?"

अकरा वर्षं झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मी आहे. मी ते विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

कलम ४. कबुलीजबाब.

हे कलम मी तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

२००७ साली रामलालने सुई सोडली होती. त्याचं लग्न ठरत होतं, मुलगी दिग्रसची, हंसा. मुलीचा बाप सरळ माणूस. मुलगा सुई घेत होता हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने अट घातली की रक्ताचा कागद दाखवा, साफ असेल तर पोरगी देतो. चांगली अट होती. आजही मी सगळ्या मुलींच्या बापांना तेच सांगतो.

रामलाल पहिल्या तपासणीत साफ होता, पण नंतर तीन वर्षं तो केंद्राकडे फिरकलाच नव्हता. लग्न ठरताना त्याने गुपचूप दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन एका लॅबमध्ये रक्त दाखवलं. ती चिठ्ठी त्याने मला आणून दाखवली. मी वाचली. पॉझिटिव्ह लिहिलं होतं. आम्ही दोघं वजनकाट्यामागे बसलो होतो, भर दुपार होती. त्याने चिठ्ठी फाडली, तुकडे चहावाल्याच्या चुलीत टाकले आणि मला म्हणाला:

"अश्व्या, तुयं रक्त दरवेळी साफ निघते. माह्या कार्डावर तूच देऊन ये ना बे."

"पागल झाला का?"

"त्या लॅबवाल्याईचं काही खरं नाही. चुकलं असन त्याईचं. एक सुईच त आहे, सुईले तू कायले भेतं?"

मी गेलो. केंद्रात त्या आठवड्यात रक्त घेणारा माणूस नवा होता, तो मला ओळखत नव्हता. मी ११७ नंबरचं कार्ड पुढे केलं आणि बाही वर केली. आमची ओळख लपावी म्हणून त्यांनी जी काळजी घेतली, तिचाच मी फायदा घेतला. त्यात केंद्राची चूक नाही. चव्वेचाळीस तपासण्या माझ्या कार्डावर आहेत, पण रक्त मी पंचेचाळीस वेळा दिलं आहे. रामलालने पुढे ११७ चं कार्ड दाखवून केंद्रातून स्वतःच्या नावाची चिठ्ठी मागून घेतली, निगेटिव्ह लिहिलेली, सहीशिक्क्याची.

मी हे का केलं? मित्राचं घर वसावं म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की माझं रक्त साफ निघतं याचा मला माज होता. साऱ्या टोळीत माझ्याच रक्ताला किंमत आली होती आणि मला ते आवडलं. हंसाचा विचार माझ्या मनात आला नाही. एकदाही आला नाही.

गंमत बघा, रामलालला तो कागद वाचता वाचता खरा वाटायला लागला. लग्नात त्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "पाह्यलं? म्हणलं होतं ना, लॅबवाल्याचं चुकलं." रक्त माझं होतं हे तो जणू विसरून गेला होता. मीही आठवण दिली नाही. तो तांड्यावर राहायला गेला आणि ११७ नंबरापुढे "संपर्क तुटला" लागलं.

२०१० साली हंसाबाई गरोदर असताना सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं आणि ती पॉझिटिव्ह निघाली. तिने औषधं घेतली आणि मुलगी उर्वशी निगेटिव्ह जन्मली. रामलालला त्याच्या घरच्यांनी तपासायला नेलंच नाही. कशाला नेतील, साफ कागद घरात होता. पुढच्या वर्षी तो टीबीने आजारी पडला तेव्हा दवाखान्यात खरं कळलं. तोवर फार उशीर झाला होता. जुलैत तो गेला. कागदावर विश्वास ठेवून त्याने चार वर्षं एक गोळी घेतली नाही. चार वर्षं आधी गोळ्या चालू झाल्या असत्या तर तो आज जिवंत असता, हे मी सोळा वर्षांच्या कामावरून सांगतो. म्हणजे माझ्या साफ रक्ताने त्याला मारलं आणि त्याच्या बायकोला आजार दिला.

मयतीला मी तांड्यावर गेलो होतो. लोक जमले होते, तांड्याचे प्रमुख, नायक, बसले होते. रामलालचे वडील किसनसिंग यांनी तो कागद लॅमिनेट करून ठेवला होता. तो वर धरून ते म्हणाले, "हा पाहा माह्या पोराचा कागद. लग्नाच्या वक्ती साफ होता. मंग हे घरात कोणी आणलं?" हंसाबाई खाली मान घालून बसली होती, मांडीवर वर्षाची पोर. तिने एकदा वर पाहिलं आणि मला वाटलं ती माझ्याकडेच पाहते आहे. तिला काही माहीत नव्हतं, तरी मला तसं वाटलं. माझे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. मी तोंड उघडलं नाही. तिला त्याच महिन्यात तांड्यावरून घालवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

का बोललो नाही? तेव्हा मी केंद्रात नोकरीला होतो, तिसाव्या वर्षानंतर मिळालेली माझी पहिली इज्जतीची नोकरी. सांगितलं असतं तर ती गेली असती. त्याऐवजी मी हंसाबाईला गोळ्यांच्या केंद्रात नेऊन नाव नोंदवलं, एक महिना चुकू दिला नाही, आणि स्वतःला भला माणूस म्हणवून घेतलं. ती मला भाऊजी म्हणते. चौदा वर्षं गोळ्या घेते आहे, तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. पण तिचा बाप, ज्याने कागद मागितला होता, तो कागदावर विश्वास ठेवून मेला. पोरीशी शेवटपर्यंत बोलला नाही.

म्हणून मी, अश्वजित डोमाजी नगराळे, जाहीर करतो: २००७ साली नंबर ११७ च्या कार्डावर दिलेलं रक्त माझं होतं. रामलाल किसनसिंग राठोड यास लग्नाआधीच एचआयव्हीची लागण होती आणि ते त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. आजार हंसाबाईने आणलेला नाही. तो तिला दिला गेला. किसनसिंग राठोड यांच्या घरातला कागद खोटा आहे. केंद्रालाही मी हे लेखी कळवलं आहे आणि त्यांनी ११७ ची नोंद दुरुस्त करायला घेतली आहे.

कलम ५. घर.

राजूर येथील माझ्या कमाईने घेतलेली जागा आणि त्यावरच्या दोन खोल्या हंसाबाई रामलाल राठोड यांना द्याव्यात. भारतने हरकत घेतल्यास त्याला कलम ४ मोठ्याने वाचून दाखवावं.

(कलम ५ रद्द. रद्द का केलं ते खाली. कागद पुन्हा लिहिला नाही, कारण खोडलेलं दिसावं अशी माझी इच्छा आहे. खोडाखोडीवर माझी आणि साक्षीदारांची लहान सही आहे.)

कलम ६. आज घडलेलं.

इथपर्यंत मी घरी लिहिलं. पुढचं आज यवतमाळला, वकील कपिल ताकसांडे यांच्या ऑफिसात बसून लिहीत आहे.

सप्टेंबरमध्ये मी दिग्रसला जाऊन हंसाबाईला सगळं सांगितलं होतं. ती शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी बोलत होतो आणि मशीन चालू होती. माझं संपलं तरी मशीन चालू होती. मग तिने दोरा तोडला आणि एवढंच म्हणाली, "उर्वशी शाळेतून यायच्या आत निघा, भाऊजी." त्यानंतर दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही. आजची तारीख मी निरोपाने कळवली होती, पण ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. एकटी आली, एसटीने. वकिलांनी कागद वाचून दाखवायला घेतला तर तिने तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः वाचला, कलम ४ दोनदा.

मग म्हणाली, "घर मले नको."

मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडे दुसरं काही नाही द्यायला."

"तुमच्यापाशी काय आहे ते मी मांगून राह्यली का? मी घर घेतलं त लोक काय म्हणतीन? म्हणतीन, मरणाऱ्या माणसाकडून बाईनं लिहून घेतलं, घरासाठी लिहून घेतलं. अजून काय काय म्हणतीन ते तुमाले सांगाले पाहिजे का? माह्या पोरीनं थे बी आयकाव?"

ती वकिलांकडे वळली. "साक्षीदार कोण आहे यात?"

"मी आहे अन् आमचा टायपिस्ट," वकील म्हणाले.

"टायपिस्टच्या जागी माही सही घ्या."

कपिल वकिलांनी हात जोडले. "ताई, ज्याले मिळते त्यानं साक्ष देऊ नये. कोर्टात तेच धरून बसतीन."

"म्हणूनच म्हणून राह्यली. मले काही भेटूच देऊ नका."

"मंग घर कोणाले?" मी विचारलं.

"तुमच्या भावाले द्या."

मी खुर्चीवरून उठलो. पोटात पाणी झालेल्या माणसाने जेवढं झटक्यात उठता येतं तेवढ्या झटक्यात उठलो. म्हणालो, त्या माणसाला मी चूल पेटवायला काडीसुद्धा देणार नाही. गिलासाची गोष्ट सांगितली.

"तुमाले एक गिलास देल्ला, अकरा वर्स झाले तरी तुम्ही तेच धरून बसले," ती म्हणाली. "मले आख्ख्या तांड्यानं बाहेर काढलं. माहा बाप मेला, मले तोंड पाहू देल्लं नाही. तुमचा राग मोठा का माहा?"

मी परत खुर्चीत बसलो.

"भावाले घर नाही भेटलं त तो कोर्टात जाईन," ती पुढे म्हणाली. "जाईन अन् सांगन, माह्या भावाचं डोकं ठिकाणावर नव्हतं, गर्दुल्लाच होता. एकदा तुम्ही पागल ठरले की हे सारंच खोटं. मंग मी कुठं जाऊ? अन् घर भेटलं त? मंग तोच शपथ घेऊन सांगन, माहा भाऊ शुद्धीवर होता."

कपिल वकील मला म्हणाले, "अश्वजितभाऊ, आठ वर्स झाले वकिली करून राह्यलो, मले हे सुचलं नसतं."

मी वकिलांकडे पाणी मागितलं. प्यायलो. मग एक अट मी माझ्याकडून घातली, की कलम ४ भारतनेच तांड्यावर वाचावं, आणि हंसाबाईने मान हलवली. "हो, वाचू द्या त्यालेच. सख्ख्या भावानं वाचलं त खोटं कोण म्हणन?"

कलम ७. घर, शेवटचं.

वकील म्हणतात की एकाच कागदात दोन कलमं एकमेकांविरुद्ध असली तर शेवटचं चालतं. हे शेवटचं.

राजूर येथील जागा आणि दोन खोल्या माझा भाऊ भारत डोमाजी नगराळे याला मिळतील, पण अशा अटीवर की माझ्या मृत्यूपासून नव्वद दिवसांच्या आत त्याने स्वतः किसनसिंग राठोड यांच्या तांड्यावर जावं. नायक, किसनसिंग आणि तांड्याची माणसं जमलेली असताना उभं राहून, आपण याचा सख्खा भाऊ असल्याचं सांगून, या मृत्युपत्राचं कलम ४ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावं. आणि भाऊ पूर्ण शुद्धीवर असताना त्याने हे लिहिलं, असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं. कागद पाहून वाचावं, गाळू नये, "तब्येत बरी नव्हती" वगैरे पदरचं घालू नये. मैत्रेयी सोबत राहील आणि वाचन पूर्ण झाल्यावरच चावी देईल. तांड्यावर जे वाचलं जाईल ते हंसाबाईंच्या संमतीने वाचलं जाईल.

वाचून झाल्यावर त्या लॅमिनेट कागदाचं काय करायचं ते किसनसिंग यांनी ठरवावं. ते म्हातारे आहेत. त्यांना कोणी उलटून बोलू नये. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला, कागद मी बनवला.

नव्वद दिवसांत भारतने वाचलं नाही तर घर मैत्रेयीचं, आणि मग तिने ते वाचावं. पण मी भारतला ओळखतो. दोन खोल्यांसाठी तो वाचेल. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा लोभ कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

येणेप्रमाणे मी हा कागद वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे. डाव्या हाताची शीर कधीच गेली, उजवा हात अजून चालतो.

स्थळ: यवतमाळ
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: (सही) अश्वजित डोमाजी नगराळे

साक्षीदार क्र. १:
श्री. नगराळे यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, वाचून व समजून सही केली. मला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.
(सही) अ‍ॅड. कपिल ताकसांडे, यवतमाळ

साक्षीदार क्र. २ (साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, जसंच्या तसं):
मी हंसाबाई रामलाल राठोड, राहणार दिग्रस. यायनं माह्यासमोर सही केली. मी सारं सोता वाचलं. मले यातून काही भेटत नाही, अन् मी काही घेतलं बी नाही. अश्वजितभाऊजींले मी माफ केलं असं कोणी समजू नये, मी माफ केलं नाही. पण लिहिलं ते खरं आहे, म्हणून सही करून राह्यली.
(सही) हंसाबाई